समजावून थकलात? ज्याने बदलायचे त्यालाच बोलते करण्याविषयी

सातपूरकर (धागाकर्ता)

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या कामगारांशी तंबाखू, मावा आणि दारू या विषयांवर बोलणे हे माझे रोजचे काम आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसाला तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक नाहीत, असे क्वचितच घडते. पुडीवरचे कर्करोगाचे चित्र तो दिवसातून अनेकदा पाहतो आणि त्याच चित्रावर अंगठा ठेवून पुडी फाडतो. तरीही घरची माणसे, डॉक्टर आणि सुपरवायझर त्याला तीच माहिती नव्याने देत राहतात, तो मान डोलावत राहतो आणि बाहेर पडल्यावर पहिला बार भरतो. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जवळजवळ एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले होते. एवढ्या मोठ्या संख्येला केवळ माहिती कमी पडते, असे मानणे मला तरी जड जाते.

मी ज्या पद्धतीने काम करतो तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे गेले असता तेथील तरुण मानसशास्त्रज्ञांसमोर ते दारूच्या रुग्णांशी कसे बोलतात याचे प्रात्यक्षिक दाखवत होते. ते तरुण त्यांना मध्येच थांबवून ‘हाच प्रश्न का विचारलात, हेच वाक्य का उचललेत’ असे विचारत राहिले आणि त्या उत्तरांतून या पद्धतीचा पहिला आराखडा तयार झाला. १९८३ मध्ये मिलर यांनी त्यावर लेख लिहिला आणि १९९१ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीफन रोलनिक यांच्यासह पुस्तक आणले. त्या काळी अमेरिकेतील अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्णाला खडसावून त्याचा ‘नकार मोडून काढणे’ हाच उपचार समजला जात असे, हे लक्षात घेतले तर या पद्धतीचे वेगळेपण ध्यानात येते.

तिचा गाभा असा, की व्यसनी माणसाचे मन बहुतेक वेळा दोन्हीकडे असते. त्याला सोडायचेही असते आणि सोडायचे नसतेही. आपण सोडण्याच्या बाजूने वकिली सुरू केली की त्याच्या वाट्याला न सोडण्याची बाजू येते, आणि ती मांडता मांडता तो स्वतःच्या बोलण्यानेच तिकडे अधिक झुकतो. माणूस स्वतःच्या तोंडून जे ऐकतो त्यावरून आपले मत काय आहे हे ठरवतो, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९६७ मध्ये केली होती, आणि माझ्या टेबलासमोर मला ती रोज खरी होताना दिसते. म्हणून समुपदेशकाचे काम एवढेच, की बदलाच्या बाजूचे बोलणे त्या माणसाच्या तोंडून यावे, ते आले की ओळखावे आणि तेथे थोडे थांबावे.

एक संवाद देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रात्रपाळी करणारा मशीन ऑपरेटर, सुपारी-तंबाखू-चुन्याचा मावा अनेक वर्षांपासूनचा. मी विचारले, “मावा सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे फार.” तो म्हणाला, “असेल चार.” अशा वेळी ‘चारच का, आठ का नाही?’ असा प्रश्न ओठांवर येतो, पण त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून माणूस मावा न सोडण्याची कारणेच देतो. मी विचारले, “चार का? शून्य का नाही?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “तोंड आता पूर्ण उघडत नाही साहेब. पाणीपुरी तोंडात जात नाही. पोरगी हसते, म्हणते पप्पा अर्धी अर्धी करून खातात.” मी म्हणालो, “पोरीसोबत गाडीवर उभं राहून पाणीपुरी खायची, तेवढंही आता मोकळेपणानं होत नाही.” त्यावर तो स्वतःहून बोलू लागला: दवाखान्यात दंतवैद्याने तोंडात बोटे घालून मोजले होते ते, मेहुण्याच्या जबड्याचे ऑपरेशन झाले ते, बायकोने डबा लपवला होता ते. यातले एकही कारण मी पुरवले नव्हते.

पुढे तो म्हणाला, “पण रात्रपाळीला त्याच्याशिवाय डोळा उघडा राहत नाही.” हे खोडून काढण्याची गरज नसते. मी इतकेच म्हणालो, “रात्री तो तुम्हाला जागं ठेवतो, आणि दुसरीकडे त्याच्यामुळे तोंड बंद होत चाललं आहे.” क्रम मुद्दाम असा ठेवला, कारण माणूस बहुधा वाक्याच्या शेवटच्या भागाला उत्तर देतो.

आपापल्या घरात, शेतात किंवा कामावर असे बोलणे कोणी केले असल्यास अनुभव लिहावेत. ते कोठे फसले हेही लिहावे.

कडुनिंब

लेख चांगला आहे, पण मला यात एक गोम दिसते. विमा एजंटही असेच गोड प्रश्न विचारतो: मुलांचे शिक्षण महत्त्वाचे वाटते का, तुमच्यानंतर घरच्यांचे काय. शेवटी सही आपलीच असते आणि निर्णय आपलाच घेतल्यासारखे वाटते. आपल्याला हवे ते समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि वर ‘तुझा निर्णय’ म्हणायचे, हे सरळ उपदेशापेक्षाही लबाड नाही का? उपदेश करणारा निदान उघड तरी करतो.

दुसरे असे, की माझ्या धाकट्या भावाच्या दारूने घराचे मातेरे झाले आहे. त्याच्यासमोर बसून ‘शून्य ते दहामध्ये किती’ विचारण्याइतका धीर आमच्या घरात कोणाकडेही उरलेला नाही.

सातपूरकर

तुमचा पहिला आक्षेप गंभीर आहे आणि मिलर-रोलनिक यांनीही तो टाळलेला नाही. समोरच्याचे हित हाच संवादाचा हेतू असला पाहिजे, ही अट त्यांनी पद्धतीच्या व्याख्येतच घातली आहे. ज्या निर्णयात बोलणाऱ्याचा स्वतःचा फायदा आहे तेथे हे तंत्र वापरू नये. विमा एजंटाचे कमिशन त्या सहीवर अवलंबून असते आणि फरक तेथेच पडतो. याच्याही पुढे जाऊन ते सांगतात, की काही निर्णयांत समुपदेशकाने कोणत्याच बाजूला झुकू नये. नातेवाइकाला मूत्रपिंड द्यावे की नाही, हा त्यातला नमुन्याचा प्रश्न. तेथे दोन्ही बाजूंची कारणे सारख्याच आस्थेने ऐकायची असतात.

लबाडीची आणखी एक कसोटी मी स्वतःपुरती ठेवतो. समोरचा माणूस शेवटी ‘नाही, मला सोडायचे नाही’ असे म्हणाला, तर ते ऐकून मी त्याच्याशी पूर्वीइतक्याच आदराने बोलू शकतो का? बोलू शकत नसेन, तर मी प्रश्न विचारत नव्हतो, जाळे लावत होतो.

भावाच्या बाबतीत एक गोष्ट आधी नोंदवतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू पूर्ण बंद केली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे हे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. त्यामुळे तो ‘उद्यापासून बंद’ म्हणाला तरी घरच्या घरी प्रयोग न करता आधी डॉक्टरांकडे न्यावे. कितीही कुशल संवाद झाला तरी ही पायरी गाळता येत नाही.

पेठरस्ता

मी आरोग्यसेविका आहे आणि माझे क्षेत्र पेठ तालुक्याच्या बाजूला आहे. आम्हाला दिलेल्या प्रशिक्षणात या पद्धतीचे नाव नव्हते, पण एका ज्येष्ठ ताईंकडून शिकलेली बोलण्याची रीत मला या लेखात ओळखू आली.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते. त्या लाल गोळ्यांची पाकिटे घराच्या वळचणीला खोचलेली सापडतात. ‘गोळ्या घेतल्या का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते, म्हणून तो प्रश्न मी विचारणेच सोडून दिले. मी विचारते, “गोळ्यांबद्दल तुमच्याकडं काय काय बोलतात?” मग खरे बाहेर येते. गोळीने बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अडते, शौचाला काळे होते म्हणजे आत काहीतरी जळते, तोंडाला लोखंडाची चव येते. हे सगळे ऐकून घेतल्यावर मी विचारते, “मला जे माहीत आहे ते सांगू का?” आजवर कोणी नको म्हटलेले नाही, पण विचारल्याने फरक पडतो. मग दोनच गोष्टी सांगते: काळा रंग लोहाचाच असतो, त्याने अपाय नाही, आणि चहाबरोबर गोळी घेतली तर ती अंगी लागत नाही. पुढे पुन्हा तिलाच विचारते, “आता तुम्हाला काय वाटतं?”

एका बाईने यावर सांगितले, की सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि तेव्हाच चहाही होतो, त्यापेक्षा रात्री भाकरी खाल्ल्यावर घेईन. हे मी तिला सुचवले असते तर तिने मान डोलावली असती आणि पाकीट पुन्हा वळचणीला गेले असते.

मात्र शहरातल्या लेखनात न दिसणारी एक अडचण सांगते. आमच्याकडे निर्णय त्या बाईचा एकटीचा नसतो. सासू चुलीपाशी बसून सगळे ऐकत असते. सुनेच्या तोंडून कितीही चांगली कारणे आली तरी सासूचे मन वेगळे असेल तर गोळी उघडली जात नाही. म्हणून मी पहिला प्रश्न सासूबाईंनाच विचारते: “मावशी, तुमच्या वेळी बाळंतपणं कशी झाली?” त्यांच्या बोलण्यात कोणाच्या तरी रक्तस्रावाची, अशक्तपणाची आठवण बहुतेक वेळा येते, आणि त्यानंतर सुनेला गोळीची आठवण करून देण्याचे काम त्याच करतात.

निफाडचा बागाईतदार

द्राक्षबागेत फवारणीच्या वेळी मास्क, हातमोजे न घालणे हा आमच्याकडचा जुना रोग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्यांची रांग लागते. कृषी विभागाची पोस्टर सोसायटीच्या भिंतीवर आहेत, पण ती वाचून कोणी मास्क चढवल्याचे मी पाहिलेले नाही. आमच्या गटात एकाने मात्र बैठकीत विचारले, “फवारणी करून घरी गेल्यावर रात्री कोणाकोणाला काय होतं?” आणि मग डोळ्यांची आग, डोकेदुखी, अंगाची खाज, एकेक जण सांगत गेला. त्या हंगामात काहींनी ब्लोअर चालवताना मास्क वापरला.

पण मला सातपूरकरांना विचारायचे आहे, की जो माणूस माझ्या बागेत रोजंदारीवर फवारणी करतो त्याच्याशी मी असा संवाद करावा का? मला ते पटत नाही. मास्क आणून देणे, उन्हात त्याचा जीव गुदमरतो म्हणून फवारणीची वेळ पहाटेची ठेवणे, ही माझी जबाबदारी आहे. ती न पाळता त्याला ‘तुला काय वाटतं’ विचारणे म्हणजे माझे काम त्याच्या मनावर ढकलणे झाले.

सातपूरकर

तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि कारखान्यांतही हेच लागू आहे. रात्रपाळीत झोप येते म्हणून मावा खाणाऱ्याला पाळ्यांचे वेळापत्रक नीट मिळाले, मधली सुट्टी वेळेवर झाली, तर निम्मे काम तेथेच होते. मन वळवण्याची पद्धत ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यासाठीच असते. पेठरस्ता यांनी सासूबाईंशी आधी बोलण्याचे जे लिहिले आहे, तेही याच कारणाने फार मोलाचे वाटले. निर्णय कोणाच्या हाती आहे हे त्यांनी पुस्तकाला न विचारता घरात पाहून ठरवले.

कॉलेजरोडकर

माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि दुपारच्या जेवणानंतर गुळाचा खडा लागतोच. वरचा धागा वाचून मी प्रयोग केला. “नाना, तुम्हाला साखर आटोक्यात ठेवणं किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहामध्ये?” असे विचारले. नाना चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, “तू माझी मुलाखत घेते आहेस का? नोकरी देणार असशील तर दहा.” आई हसून हसून बेजार झाली आणि विषय तेथेच संपला. लेकीच्या तोंडी ही भाषा शोभत नाही, असे माझे मत झाले आहे. समुपदेशकाशी माणूस जसे बोलतो तसे घरात बोलणे शक्य तरी आहे का?

सातपूरकर

नानांचे उत्तर मी माझ्या सहकाऱ्यांना सांगणार आहे!

आकड्यांची पट्टी घरात आणू नये, असेच मीही सांगेन. घरात त्यातले दोनच भाग चालतात. पहिला म्हणजे चूक दिसली की ती लगेच दुरुस्त करायला धावण्याची आपली सवय आवरणे. नाना गुळाचा डबा उघडतात तेव्हा “नाना, पुन्हा?” हे वाक्य गिळता आले तरी पुष्कळ झाले, कारण त्या वाक्याने नानांना गुळाचे समर्थन करणे भाग पडते. दुसरा भाग म्हणजे त्यांनी सांगितलेले त्यांनाच साध्या विधानात परत देणे. समजा नाना कधी स्वतःहून म्हणाले, “हल्ली पाय बधिर होतात रात्री,” तर “म्हणूनच सांगत होते!” असे न म्हणता “रात्री पायांनी झोपही लागत नसेल” एवढेच म्हणावे आणि गप्प बसावे. वाक्याच्या शेवटी सूर वर गेला की तो प्रश्न होतो आणि उत्तरदाखल खुलासा येतो. सूर खाली आला की समोरचा माणूस बहुधा आणखी पुढे बोलतो. हा सूर साधायला आम्हा लोकांनाही बराच सराव लागतो. पुढची शांतता लांबली तर तीही सोसावी लागते.

कडुनिंब

मी पुन्हा आलो आहे. या सगळ्याला काही पुरावा आहे, की चांगल्या गोष्टींच्या आठवणी तेवढ्या आहेत?

सातपूरकर

पुरावा आहे, पण चमत्काराचा नाही. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅच या चाचणीत दारूच्या व्यसनाचे १७२६ रुग्ण होते आणि तिचे मुख्य निष्कर्ष १९९७ मध्ये आले. या पद्धतीवर बेतलेल्या उपचाराच्या चार बैठका आणि इतर दोन उपचारांच्या प्रत्येकी बारा बैठका यांच्या परिणामांत फारसा फरक आढळला नाही. याचा अर्थ ही पद्धत इतरांहून सरस ठरली असा होत नाही, तर कमी वेळात जवळपास तेवढेच साधले असा होतो. त्याआधी १९९३ मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात समुपदेशक जितका अधिक खडसावत गेला तितके त्याचे रुग्ण वर्षभरानंतर अधिक पिताना आढळले. मला तो निष्कर्ष अधिक बोलका वाटतो. पुढच्या अनेक चाचण्यांत परिणाम सरासरीने लहान ते मध्यम दिसतात आणि कोण बोलतो यावर ते बरेच बदलतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेने ही कला येत नाही. नंतर कोणीतरी आपले संवाद ऐकून चुका दाखवत राहावे लागते, हेही अभ्यासांत स्पष्ट झाले आहे.

पेठरस्ता

शपथेविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून विचारते. आमच्याकडे दारू सोडवण्यासाठी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. दुसरीकडे निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाऊन माळ घातलेले आणि त्यानंतर पिणे सोडलेले लोकही माझ्या पाहण्यात आहेत. दोन्ही तर वचनच झाले. मग एक टिकते आणि दुसरे टिकत नाही, असे का?

सातपूरकर

माझ्या मते फरक वचनाआधी काय घडले यात आहे. माळ घालणारा माणूस बहुतेक वेळा कित्येक महिने मनाशी घोळत असतो, दिंडीत चालतो, माळकऱ्यांच्या पंगतीत बसतो आणि मग स्वतःहून पुढे होतो. त्यानंतर एकादशी येते, भजन येते, संध्याकाळी बसायला वेगळी माणसे मिळतात. म्हणजे त्याच्या वचनाला तयारी आणि पुढचा आराखडा दोन्ही असतात. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावलेल्या माणसाकडे यातले काहीच नसते. त्याच्याकडे असते ती भीती, आणि शपथ मोडली की त्या भीतीत अपराधाची भर पडते, जी बुडवायला पुन्हा दारूच लागते. म्हणून आमच्या कामातही ‘मग कधी सोडताय?’ हा प्रश्न घाईने विचारायचा नसतो. माणूस स्वतःच ‘पण सुरुवात कशी करायची’ असे म्हणू लागला की मगच आराखड्याकडे वळावे. तंबाखूसाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. तिचा क्रमांक मी त्याच टप्प्यावर देतो, त्याआधी दिलेला कागद खिशातच धुतला जातो.

कडुनिंब

शेवटचा प्रश्न. भाऊ दर आठवड्याला आईकडे पैसे मागतो, न दिल्यास भांडी आपटतो. तेव्हाही त्याचे ऐकून घ्यायचे आणि त्याला बोलते करायचे?

सातपूरकर

नाही. पैसे द्यायचे की नाही हा तुमचा आणि आईंचा निर्णय आहे, त्याचा नव्हे. त्यामुळे तेथे प्रश्न विचारण्याचे, समजून घेण्याचे किंवा त्याच्याकडून कबूल करून घेण्याचे काही कारण नाही. “आई आता पैसे देणार नाही” हे एकदाच, आवाज न चढवता, तो शुद्धीत असताना सांगावे, त्याची कारणे देत बसू नये, आणि आईंना त्या दिवशी घरात एकटे ठेवू नये. अंगावर धावून येण्याची वेळ आली तर ११२ वर पोलिसांना बोलवावे. दारूविषयीचे बोलणे वेगळ्या दिवशी, शक्य तर वेगळ्या माणसाने करावे, कारण ज्याने पैसे नाकारले त्याच्याजवळ तो आपले दुसरे मन इतक्यात उघडणार नाही. त्याचा कोणी मित्र, मामा किंवा जुना शिक्षक असेल, ज्याच्यासमोर तो अजून मान खाली घालतो, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. त्या व्यक्तीने पहिल्या भेटीत काय विचारावे आणि काय विचारू नये, हे आपण आधी बोलून घेऊ.

कडुनिंब

मामा आहेत, मखमलाबादला. व्यनि करतो.